परगावच्या धावा

काकाजींनी मला खोली भाड्यानं दिली ती दोन अटींवर. एक, विहिरीच्या काठावर कपडे आपटायचे नाहीत. आणि दुसरी, वर्तमानपत्रात क्रिकेटची बातमी आली की ती वाचून दाखवायची. पहिली अट आमगावातल्या कुठल्याही घरमालकानं घातली असती. दुसरी ऐकून माझी आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. या माणसाच्या डोक्यात काहीतरी कमी आहे, असं तिला वाटलं. मला वाटलं, काहीतरी जास्त आहे. पुढच्या पाच वर्षांत आम्हा दोघींचंही खरं ठरलं.

ही दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची गोष्ट. मी विधवा, तिशीला टेकलेली, नागपूरला शिकून मास्तरीण झालेली. मुलींच्या शाळेत नेमणूक झाली म्हणून म्हाताऱ्या आईला घेऊन इथं आले होते. काकाजी धानाचे शेतकरी, घरचे बरे, पन्नाशी उलटलेले. अंगानं आडवे आणि आवाजानं त्याहून आडवे. धानाच्या बांधीत उभं राहून त्यांनी गड्याला हाक मारली, की स्टेशनवरचे हमाल मागं वळून बघत. सारं गाव त्यांना काकाजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"नागपुरात किती वर्स शिकवलं बाई?"

"दोन."

"ते घरचं झालं. ते नाई मोजत मी. इथं दोन वर्स काढा, मंग पाहू."

मला राग आला. माझा राग तसा लवकरच येतो. पण काकाजी हे सगळ्यांनाच म्हणत, हे मला आठवडाभरात कळलं. गावात दंडार झाली आणि लुगडं नेसून नाचणाऱ्या नटावर सगळा गाव खूश झाला, की काकाजींचा प्रश्न तयार: "हा नागपुरात चालते का?" कुणाच्या बैलाचं कौतुक निघालं की, "दुसऱ्याच्या वावरात नांगर ओढते का?" एकदा एक जंगलखात्याचा माणूस नागझिऱ्याच्या वाघाच्या गोष्टी रंगवून सांगत होता. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नागझिऱ्यात त्यानं हरिन मारलं त्यात काय मोठं? घरचंच जंगल होय ना त्याचं." तो माणूस पुन्हा त्यांच्या ओसरीवर बसला नाही.

हे सगळं आलं होतं क्रिकेटमधून. काकाजींनी जन्मात बॅट हातात धरली नव्हती. तरुणपणी कधीतरी गोंदियाला तांदळाच्या गिरणीत गेले असताना, रेल्वेच्या साहेब लोकांचा सामना त्यांनी तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून पाहिला होता. बस, तेवढाच. पण तेव्हापासून हिंदुस्थानातल्या मोठमोठ्या बॅटवाल्यांची तुलना करणं हा त्यांचा धंदा झाला, शेती जोडीला होती. त्यांच्याकडे दोन जाड वह्या होत्या. एकीत प्रत्येक बॅटवाल्यानं आपल्या गावी केलेल्या धावा, दुसरीत परगावी केलेल्या. घरची वही पेन्सिलीनं लिहायची, परगावची शाईनं.

"असं काऊन?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"घरच्या धावा पुसल्या गेल्या तरी चालते," ते म्हणाले.

बॅटवाल्यांची नावं मला तेव्हाही लक्षात राहिली नाहीत, कारण काकाजी ती घेतच नसत. मुंबईवाला, इंदूरवाला, लाहोरवाला अशीच त्यांची ओळख. माणूस कुठला, हे एकदा कळलं की तो घरी कधी खेळला आणि परगावी कधी, हे ठरवता येतं. नाव घेऊन काय करायचं? आता घर म्हणजे कुठवर, याचाही त्यांचा नियम होता. ज्या गावाहून संध्याकाळी जेवायला घरी परतता येतं, ते घरच. त्या हिशोबानं आमगावच्या माणसाला गोंदिया घर, सालेकसा घर, रेल्वेच्या कृपेनं डोंगरगडसुद्धा घर. परगाव त्याच्या पुढं सुरू होई.

आणि गंमत अशी, की काकाजी स्वतः त्याच्या पुढं कधी गेलेच नव्हते. एक रात्रही ते परक्या गावी झोपले नव्हते. बायको शेजारच्या गावची केलेली. नातलगांत लग्न निघालं की यांची धानाची रोवणी निघे, मयत झाली की कापणी. काकू हसत हसत सांगायच्या, "यायले गाडीत बसवलं का पोटात दुखते."

वर्तमानपत्र मुंबईचं, इंग्रजी, दोन दिवसांचं शिळं. ते येई स्टेशनवरच्या पार्सलबाबूंकडून. पार्सलबाबू मूळचे मुंबईचे, बदलीनं इकडे येऊन पडलेले, आणि अर्थातच मुंबईवाल्याचे कट्टर भक्त. काकाजींना इंग्रजी येत नसलं तरी इंग्रजी आकडे येत. ते त्यांनी मालगाडीच्या डब्यांवरचे नंबर वाचून वाचून शिकले होते. धावांचा तक्ता त्यांना बोट ठेवून उलगडता येई. अडायचं ते एकाच ठिकाणी: सामना झाला कुठं? ते तक्त्याच्या वर बारीक इंग्रजीत लिहिलेलं असे, आणि तेवढ्यासाठी मी लागत होते.

मी कंटाळून एकदा विचारलं, "काकाजी, धावा त्या धावा. कुठं का केल्या असेनात!"

ते माझ्याकडे दयेनं बघत राहिले. "असं कसं बाई? घरी त्याले मैदानाचा एकेक खड्डा माहीत असते. अम्पायर सोयरा असते. लोक त्याच्या नावानं टाळ्या पिटत असते. आईच्या हातचं जेवून गेला असते तो. परगावी पानी बाधते, झोप लागत नाई, कोनी नाव घेऊन हाक मारत नाई. तिथं पन्नास केले तं ते पन्नास."

मी आमगावला येऊन तेव्हा चारच महिने झाले होते. पाणी मला बाधलं होतं, झोप लागत नव्हती, आणि 'मास्तरीनबाई' सोडून दुसऱ्या नावानं मला हाक मारणारी फक्त आई होती. मी पदर तोंडाला लावून आत गेले आणि चुलीपुढं बसून रडले. तोवर माझ्या त्रासाचं असं मोजमाप कुणी केलं नव्हतं. त्या दिवसापासून मला हा माणूस आवडायला लागला.

पण त्यांच्या ओसरीवर एक विषय असा होता, की तो निघाला की काकाजींचा आवाज नुसताच चढायचा. त्यांची एकुलती एक मुलगी, सगुणा. तिला राजनांदगावच्या पुढं एका खेड्यात दिली होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सासरचे तिला माहेरी पाठवत नसत. तिची पत्रं शेजारच्या कुणाकडून तरी हिंदीत लिहिलेली येत, आणि तीही मीच वाचून दाखवी. 'मैं अच्छी हूँ' असं प्रत्येक पत्रात असे. दोन-दोन, तीन-तीन वेळा असे.

"एकदा जाऊन या ना," काकू म्हणायच्या. "पोरगी कशी दिसून राहिली ते तरी डोळ्यानं पाहून या."

"जाईन ना. जाऊन एकेकाले पाहून घेतो मी. समजते काय व्याही सोताले!" काकाजी ओसरी दणाणून सोडत. गडी कामं टाकून बघत. मग ते वही उघडून बसत, आणि तो विषय तिथंच संपे. आठ वर्षं हे असं चाललं होतं.

त्या काळातला त्यांचा सगळ्यात मोठा खटला म्हणजे इंदूरवाला थोर की मुंबईवाला. पार्सलबाबू म्हणत, मुंबईवाल्यासारखा दुसरा झाला नाही. काकाजी म्हणत, तो घरचा वाघ. खरा इंदूरवाला, कारण त्याच्या शाईच्या धावा जास्त. हा वाद फलाटावर, तिकिटाच्या खिडकीत, एकदा तर चालत्या मालगाडीच्या दोन बाजूंना उभं राहून झाला. अखेर काकाजींनी वर्षभराची बेरीज केली, परगावची वही काखोटीला मारली आणि पार्सलबाबूंसमोर नेऊन आपटली.

पार्सलबाबूंनी ती नीट वाचली आणि मग एका ओळीवर बोट ठेवलं. "काकाजी, हा सामना इंदूरवाला परगावी खेळला म्हणता? हा तर इंदुरातच झाला. माझा मेहुणा तिथं होता. त्यानं पत्र लिहिलंय."

काकाजी वही घेऊन घरी आले आणि त्यांनी ती माझ्यापुढं ठेवली. सोबत त्या दिवसाचं वर्तमानपत्र. ते सगळे जुने अंक सुतळीनं बांधून ठेवत.

मी बातमी पहिल्यांदा नीट वाचली. सामना खरंच इंदुरात झाला होता. बातमीच्या मथळ्यात दोन संघांची गावं असायची, एक आधी, एक नंतर. ज्या गावाचं नाव आधी, तिथंच सामना, असं मी मनानंच धरलं होतं. खालचं बारीक छापलेलं वाचायचा मला कंटाळा यायचा. वर्षभर मी मथळा बघत होते आणि ठोकून देत होते, "मुंबईला झाला हो." आणि काकाजी ते शाईनं लिहीत होते. वर्गात मुलींना अर्धवट वाचल्याबद्दल मी हातावर छडी देत असे.

मी सांगून टाकलं. खोटं बोलता आलं असतं, पण त्या माणसासमोर बोलवेना. काकाजी उठून गेले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आईनं सामान बांधायचं का म्हणून विचारलं.

तिसऱ्या दिवशी ते अंकांचा सगळा गठ्ठा घेऊन आले. दिवाळीची सुट्टी होती. "वाचा," म्हणाले. "आता पुरं वाचा. मी बसलो आहो." सुट्टीभर आम्ही दोघं ओसरीवर बसलो. मी शब्दन् शब्द वाचला आणि त्यांनी शाईच्या ओळी एकेक करून खोडल्या. शेवटी बेरीज झाली. त्यांच्या लाडक्या इंदूरवाल्याच्या निम्म्या धावा घरच्या निघाल्या, आणि ज्याला ते वर्षभर घरचा वाघ म्हणत आले, त्या मुंबईवाल्याचंच परगावचं पान भरलं.

मला वाटलं, आता हे चिडतील. त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. "लय वाईट बोललो मी त्याले," एवढंच म्हणाले. मुंबईतल्या, कधी न पाहिलेल्या त्या माणसाबद्दल त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मग धोतर झटकून उठले, स्टेशनवर गेले आणि चार माणसांत पार्सलबाबूंना म्हणाले, "बाबू, हरलो मी. तुमचा मोठा."

पार्सलबाबू माणूस वाईट नव्हता, पण जिंकल्यावर जीभ सुटते. ते म्हणाले, "काकाजी, साऱ्या हिंदुस्थानाचं मोजलंत. तुमचं स्वतःचं परगावचं पान दाखवा की एकदा!"

फलाटावरचे सगळे हसले. काकाजीही हसले. पण त्या दिवसापासून वह्या उघडलेल्या मी पाहिल्या नाहीत. विचारलं तर म्हणत, "मन लागत नाई बाई."

उन्हाळा लागला आणि सगुणाचं पत्र आलं. या वेळी 'मैं अच्छी हूँ' एकदाच होतं. पुढं लिहिलं होतं की अक्षयतृतीयेला घरात दुसरी सून येणार आहे, बोलणी झाली आहेत. बाबांनी काळजी करू नये. मला काढणार नाहीत, मी इथंच राहीन आणि दोघांचं करीन. मी वाचून संपवलं. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. मी वाट बघत होते, की आता ओसरी दणाणेल.  पण काकाजींनी हलक्या आवाजात मला विचारलं, "बाई, तुमाले हिंदी चांगलं येते नं?"

विधवेला बरोबर नेलं तर काम होत नाही, असं शेजारणीनं काकूंना ऐकवलं. काकू म्हणाल्या, "सवाष्नी होत्या म्हनून कोनतं काम झालं आतापर्यंत?" आणि त्यांनी माझ्या हाती भाकरीचं गाठोडं दिलं, काकाजींच्या हाती पाण्यानं भरलेला पितळी चंबू. त्यांच्यात रीत होती, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये. लेकीच्या घरी गेलाच तर आपलं पाणी आपण न्यावं.

गाडीत ते खिडकीशी बसले. सालेकसा गेलं. दरेकशाचा बोगदा आला तेव्हा त्यांनी बाकाची कड घट्ट धरली. डोंगरगड मागं पडलं आणि काकाजी एकदम लहान दिसायला लागले. घाम येत होता, पोटावरून हात फिरवत होते. "काय बोलाचं तिथं?" त्यांनी विचारलं. "काय बोलू मी बाई?" आठ वर्षं ओसरीवर गाजवलेलं सगळं भाषण त्या प्रवासात कुठं गेलं कोण जाणे. मला पार्सलबाबूंचा राग आला, आणि या माणसाचीही इतकी माया दाटून आली, की मी आयुष्यात पहिल्यांदा परपुरुषाच्या हातावर हात ठेवला.

व्याह्यांचं अंगण मोठं होतं. व्याही बाजेवर बसलेले, बाजूला त्यांचे दोन भाऊ, आणि खांबाला टेकून जावई. आम्ही त्यांच्या समोर सतरंजीवर. दाराआड सगुणा उभी होती, बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगट धरून.

"आओ समधीजी," व्याही गोड बोलले. "आठ बरस बाद रस्ता मिला? पानी तो हमारा पियोगे नहीं, लाए होगे अपना." भाऊ हसले.

काकाजींनी चंबू मांडीशी ओढून घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग मीच बोलले. व्याही मला मध्येच थांबवून म्हणाले, "बाईजी, यह हमारे घर की बात है. घर में चिराग चाहिए. हम कोई निकाल थोड़े ही रहे हैं आपकी बेटी को. रहेगी, खाएगी, काम करेगी. पूछ लो उसी से."

कुणी तिला विचारलं नाही. जावई पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. काकाजी मान खाली घालून बसले होते. तिथं त्यांचं कुणी नव्हतं. मला वाटलं, संपलं; आता हे उठतील, हात जोडतील आणि आम्ही परत जाऊ.

"सगुणा," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. "पानी आन."

दाराआडून उत्तर आलं, "बाबा, तुमच्यापाशी हाय ना पानी."

"तुह्या इथलं आन."

सगुणा तांब्या घेऊन बाहेर आली. आठ वर्षांत ती किती वाळली होती, ते काकाजींनी तेव्हा पाहिलं. "पिऊ नका बाबा," ती पुटपुटली. त्यांनी तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. निम्मं सदऱ्यावर सांडलं. मग तांब्या खाली ठेवून ते व्याह्यांकडे बघत म्हणाले,

"बाप लेकीच्या घरचं पानी पेत नाई. मी पेलो. हे घर माह्या लेकीचं नाई."

व्याही ताडकन उठले. भाऊ उठले. काकाजींनी सगुणाकडे पाहिलं. "येतं का माय?"

सगुणा वळली आणि आत निघून गेली.

तो वेळ मला अजून मोजता येत नाही. व्याह्यांच्या चेहऱ्यावर हसू परत आलं होतं. काकाजी दाराकडे बघत उभे होते, दोन्ही हात लोंबकळत. मग ती आली. डोक्यावरून पदर घेतलेला, हात ओले.

"चुलीवर भात होता," ती म्हणाली. "उतरवून आली."

आणि ती आमच्या बरोबर बाहेर पडली. मागून ओरडणं, शिव्या, सगळं झालं. कुणी अडवलं मात्र नाही. जावयानं मान वर केली नाही.

आम्ही स्टेशनवर आलो. काकाजी फलाटावरच्या बाकावर बसले ते एकदम कोसळल्यासारखे. मी भाकरीचं गाठोडं सोडलं. सगुणा त्यांच्या ओल्या सदऱ्याला पदरानं पुसत होती. सदरा केव्हाच वाळला होता, तरी पुसत होती. उन्हात रूळ चमकत होते आणि गाडीला अवकाश होता.

"बाबा," ती म्हणाली, "आईले काय सांगाचं?"

काकाजी रुळांकडे बघत होते.

"सांग," ते म्हणाले, "बाबा आले होते."